तळाची बाटली

मुरगावहून निघताना बर्रेटो मॅडमनी दोनच नियम सांगितले:
ओकायचं ते वारा जाईल त्या बाजूला,
आणि वहीत खाडाखोड नाही.
चुकलं तर एकच रेघ मारा, शेजारी सही करा.
दिवेलागणीपर्यंत आम्ही दोन्ही मोडले.

सुलक्षा वेळीप गावडोंगरीची,
काजूच्या उतारावर वाढलेली. तिला बोट लागली नाही.
मी खारीवाड्याची, आजोबा-पणजोबांपासून पाण्यावरची,
बादलीला मिठी मारून बसले.
विंचवाला इनास हसला,
'बापाला कळलं तर होडी विकील तुझा.'
दाऊदचाचाने आलं किसून दिलं. ते घशात अडकून राहिलं
घरच्या नावासारखं.

पहारा दोन ते सहा.
स्टेशन सात, खोली सत्तावीस मीटर.
इंजिनाचा सूर उतरतो
आणि बोलण्याखाली इतका वेळ काय चाललं होतं
ते तेव्हा कळतं.
डाव्या हाताला वास्कोचे दिवे, इतके जवळ
की आमच्या गल्लीतला न विझणारा दिवासुद्धा
त्यांतलाच एक असणार.

लोखंडी चौकटीत बारा बाटल्या, तोंडं उघडी.
इनास तार सोडतो.
आत पडद्यावर एक रेघ खाली जात राहते,
अठ्ठावीस अंश, सव्वीस, तेवीस,
आणि प्राणवायूची रेघ
जिना संपला हे न कळल्यासारखी
एकदम पडते.

टक्. तळाची मिटली.

नमुना भरायची पद्धत अशी:
नळी बाटलीच्या बुडाला टेकवायची,
पाणी तीनदा ओसंडू द्यायचं, मनात मोजत,
आणि बुडबुडा येऊ द्यायचा नाही.
एक बुडबुडा आत गेला
तर वरची हवा तळाच्या नावावर लागते.
माझी बोटं बधिरली.
सप्टेंबरच्या उकाड्यात, पायाखाली एवढ्याशा खोलीवर
इतकं थंड काय पसरलंय, मला माहीत नव्हतं.

मग वास आला.
कुजक्या अंड्याचा, बुजलेल्या विहिरीचा.
सुलक्षाने ओढणी नाकाला लावली नाही,
ती वाकून हुंगत राहिली
जनावर आजारी आहे का ते बघताना हुंगतात तशी.
इनास मागून म्हणाला, 'हें उदक मेलां गो.'

दोन औषधं, एकेक मिली. झाकण. उलटसुलट.
पृष्ठभागाच्या बाटलीत तपकिरी ढग फिरला,
गुळाच्या चहासारखा.
दहा मीटरची फिकट.
तळाची पांढरी.
तांदळाच्या धुवणासारखी पांढरी, आणि तशीच राहिली.
मी पुन्हा हलवली. दुसरी भरली.
तीही पांढरी.

मॅडम चष्मा कपाळावर ढकलून आल्या,
दोन्ही बाटल्या दिव्यापुढे धरल्या,
'लिहा' म्हणाल्या, आणि बराच वेळ
बाटल्या खालीच ठेवल्या नाहीत.

लहानपणी भाद्रपदाच्या शेवटी कधी कधी
कुर्ल्या दगडांवर चढून बसलेल्या सापडायच्या,
कडेच्या पाण्यात मासे तोंड वर काढून.
पोरं टोपल्या भरायची. देवाने दिलं म्हणायची.
आई मात्र शिजवायची नाही.
आपण होऊन दारात आलेल्याला
आधी विचारावं, का आलास.

मी शून्य लिहिलं.
जहाज हललं म्हणून त्याला शेपूट फुटलं,
सहासारखं दिसू लागलं.
एक रेघ मारली, शेजारी सही,
पुन्हा शून्य.

चौकटीतलं उरलेलं पाणी कुठे सोडायचं, सुलक्षाने विचारलं.
इनासने कठड्याकडे बोट केलं.
आम्ही तोट्या उघडल्या.
ते वरच्या कोमट पाण्यात मिसळलं
आणि दिसेनासं झालं.

स्टेशन आठ चाळीस मिनिटांवर.
दाऊदचाचाने चहा पाठवला.
कप धरला तरी हाताला तोच वास,
आणि सुलक्षा विचारत होती,
तुझ्या बाबांची होडी
आत्ता कुठे असेल?